रक्तातील पहारेकरी आणि पिढीजात वारसा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



 मी काही व्याख्याती नव्हे. माझी सारी नोकरी रक्तपेढीत गेली. काचपट्ट्या, नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यांच्या संगतीत वर्षे काढलेल्या बाईने सभेत काय बोलावे, असे मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही रक्ताविषयीच बोला. आमच्या बायका नेहमी एक प्रश्न विचारतात. एका आईची दोन मुले, एका घरचे अन्न, एकाच दवाखान्यात टोचलेली लस. मग एक बारमाही शिंकते आणि दुसरे पावसात भिजूनही ठणठणीत, हे कसे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराचा शोध शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या उत्तराचा एक भाग आपल्या रक्तात आहे आणि रक्ताचा तो भाग आपल्याला आईबापांकडून मिळालेला आहे. तेवढ्याच भागाविषयी मी आज बोलणार आहे.

रक्त काचेच्या नळीत घालून ते गोठू न देता काही वेळ उभे ठेवले, तर लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी उरते. त्याला रक्तद्रव म्हणतात. या पाण्यात जी अनेक प्रकारची प्रथिने विरघळलेली असतात, त्यांतच आपले पहारेकरी असतात. त्यांचे शास्त्रीय नाव प्रतिपिंडे. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडे थोडे पचवलेल्या प्राण्याच्या रक्तातील पाणी दुसऱ्या प्राण्याला टोचले, तर तो दुसरा प्राणीही त्या विषापासून वाचतो. म्हणजे संरक्षण त्या पाण्यातच होते. या कामासाठी बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

ही प्रतिपिंडे पाच जातींची असतात. त्यांतील सर्वांत विपुल जात आयजीजी. आईच्या पोटात असताना बाळाला वारेतून मिळते ती हीच. दुसरी आयजीए, ही लाळेत, अश्रूंत, आतड्यांच्या अस्तरावर आणि विशेषतः बाळंतिणीच्या पहिल्या चिकात भरपूर असते. म्हणून चीक पिळून टाकू नये, बाळाला पाजावा. तिसरी आयजीएम; नवा शत्रू आला की सर्वांत आधी धावते ती ही. चौथी आयजीडी, तिच्याविषयी आज बोलायला नको. पाचवी आयजीई, हिचे प्रमाण अगदी नगण्य, पण खाज, शिंका, दमा यांच्या मागे बहुधा हिचाच हात असतो. १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या पतिपत्नींनी मिळून ही आयजीई शोधून काढली. नवराबायको एका प्रयोगशाळेत काम करून असा शोध लावतात, हे आपल्या मंडळात मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. निरोगी प्रौढ माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात आयजीजी साधारण ७ ते १६ ग्रॅम असते. म्हणजे तुमच्या शेजारणीच्या रक्तात तुमच्या दुप्पट प्रतिपिंडे असतील आणि तरीही तुम्ही दोघी तितक्याच निरोगी असाल. हा फरक कशामुळे? वय, आहार, होऊन गेलेले आजार, टोचलेल्या लसी, ही कारणे आहेतच. पण ती सारी हिशेबात धरूनही काही फरक शिल्लक राहतो, आणि तो वारशाने आलेला असतो.

वारसा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आपल्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक बापाकडून. या गुणसूत्रांवर प्रथिने बनवण्याच्या सुमारे वीस हजार कृती लिहिलेल्या आहेत. त्यांना जनुके म्हणतात. पुरणपोळीची कृती घरोघर एकच असते, पण एका घरी जायफळ असते, दुसऱ्या घरी वेलदोडा. जनुकांतही असेच बारीक बारीक पाठभेद असतात. बहुतेक पाठभेदांनी काहीच बिघडत नाही. काहींनी चव बदलते. आणि क्वचित एखाद्या पाठभेदाने पोळी मुळी होतच नाही.

येथे कुणी विचारील, की जगात रोगजंतू तर असंख्य, मग वीस हजार कृतींतून त्या सर्वांवर पुरी पडणारी प्रतिपिंडे बनतात तरी कशी? हे कोडे सुसुमु तोनेगावा यांनी सोडवले. त्यांचे काम १९७६ साली पुढे आले आणि १९८७ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या कपाटात दहा साड्या, दहा पोलकी आणि पाच शाली असतील, तर एकूण कपडे पंचवीसच; पण त्यांच्या जुळण्या पाचशे होतात. शरीरही हेच करते. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी एका जातीचे सुमारे ४०, दुसऱ्या जातीचे २३ आणि तिसऱ्या जातीचे ६ तुकडे असतात. प्रत्येक पेशी त्यांतून एकेक उचलून जोडते. एवढ्यानेच साडेपाच हजार जुळण्या झाल्या. शिवाय सांध्यावर कमीजास्त होते आणि हलकी साखळी निराळीच. असा हिशेब करता करता तो कोट्यवधींवर जातो. ज्या पेशीची जुळणी आलेल्या जंतूला बसते, ती पेशी वाढते, तिच्या असंख्य प्रती होतात आणि प्रतिपिंडांचा पूर येतो. पण कपाटातील साड्याच ज्याच्या त्याच्या निराळ्या. म्हणून जुळण्याही निराळ्या.

आता मी तुम्हाला दोन टोके दाखवते. योगायोग असा, की दोन्ही १९५२ या एकाच सालातील आहेत. पैकी एक अमेरिकेतील आणि दुसरे आपल्या मुंबईतील.

अमेरिकेत कर्नल ऑग्डेन ब्रूटन नावाचे लष्करी डॉक्टर होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया आणि रक्तातील जंतुसंसर्ग होई. त्या वेळी रक्तातील प्रथिने विजेच्या प्रवाहाने वेगवेगळी करण्याची पद्धत नवी होती. तिने तपासले, तेव्हा दिसले की प्रतिपिंडांची जागा रिकामी आहे. ब्रूटन यांनी निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे त्या मुलाला महिन्याच्या महिन्याला टोचण्यास सुरुवात केली आणि त्याचे आजार थांबले. या विकाराचे जनुक १९९३ साली सापडले. ते एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात दोष असेल, तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी पिकतच नाहीत.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. स्त्रीला दोन एक्स असतात. एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून ती निरोगी राहते. मुलाला एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते. ज्या घरांत मुलगे तान्हेपणी जातात आणि मुली जगतात, त्या घरांतील सुनांना आपल्या समाजाने काय काय म्हटले आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. पांढऱ्या पायाची, अपशकुनी! त्या बिचारीने काही केलेले नसते. तिच्या आईने किंवा आजीनेही केलेले नसते. एका कृतीत एक अक्षर बदलले, एवढेच. आणि हे वेळेवर ओळखले, तर आज त्या मुलाला आयुष्यभर प्रतिपिंडे टोचून जगवता येते.

आता दुसरे टोक. तुम्हा सर्वांना ए, बी, एबी आणि ओ हे रक्तगट ठाऊक आहेत. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली त्यांतील ए, बी आणि ओ यांची मांडणी केली. ए गटाच्या माणसाच्या लाल पेशींवर ए नावाची खूण असते आणि रक्तद्रवात बी विरुद्ध प्रतिपिंडे असतात. बी गटाचे याच्या उलट. ओ गटात दोन्ही खुणा नसतात आणि दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणजे कोणती प्रतिपिंडे रक्तात असणार, हे येथे सरळ सरळ जनुकावरून ठरते.

पण ए आणि बी या खुणा हवेत उभ्या राहत नाहीत. त्यांच्याखाली एक पाया लागतो. त्याला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसात नुसता पाया असतो, वर काही नसते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही माणसे अशी आढळली, की ज्यांच्यात हा पायाच नव्हता. वरवर पाहता त्यांचा गट ओ दिसे. पण त्यांच्या रक्तद्रवात एच विरुद्धच कडक प्रतिपिंडे होती. त्यामुळे ओ गटाच्या बाटल्यासुद्धा त्यांना चालत ना. हा शोध त्याच वर्षी 'लॅन्सेट' या इंग्रज वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला आणि जगभर या गटाला 'बाँबे' असेच नाव पडले. शहराचे नाव बदलले, पण गटाचे तेच राहिले. आपल्याकडे दहा हजारांत साधारण एक माणूस या गटाचा असतो. युरोपात दहा लाखांत एक. हा गट असलेल्याला फक्त याच गटाचे रक्त चालते.

माझ्या नोकरीतील एक हकीगत सांगते. नावे, गावे सांगत नाही.

एक तरुण बाई शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली होती. तिच्या जुन्या कागदावर ओ गट लिहिलेला होता. आम्ही ओ गटाची बाटली जुळवायला घेतली, तर नळीत गुठळ्या. दुसरी घेतली, तीच गत. तिसरी, चौथी. आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तद्रव ओ पेशींवर तपासला, मग एच खुणेची चाचणी केली, आणि म्हणाल्या, "ही बाँबे आहे. आधी जेथे गट काढला तेथे अर्धीच तपासणी झाली आहे."

मी बाईला हे समजावून सांगायला गेले, तर ती एकाएकी रडू लागली. मला वाटले, रक्त मिळणार नाही म्हणून घाबरली. पण तिने विचारले ते निराळेच. "ताई, मग माझ्या मुलाचा गट बी कसा, हे यातून कळेल का?" हळूहळू सारे बाहेर आले. नवऱ्याचा गट ओ, हिचा कागदावर ओ आणि मुलाचा बी. घरातील कुणी शिकलेल्या माणसाने पुस्तकात पाहून सांगितले होते, की दोन ओ आईबापांना बी मूल होऊ शकत नाही. तेव्हापासून दोन वर्षे सासूबाई तिच्या हातचे पाणी घेत नव्हत्या. नवरा दाखल करून गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावून घेतले. कागदावर आकृती काढली. "हे पाहा," त्या म्हणाल्या, "हिच्यात बी बनवण्याची कृती आहे, पण पाया नसल्यामुळे ती खूण हिच्या पेशीवर उभी राहू शकत नाही. मुलाला हिच्याकडून बी ची कृती मिळाली आणि बापाकडून पाया मिळाला. पाया मिळाल्याबरोबर बी उभा राहिला. तुमच्या मुलाने दिलेल्या पायावरच तो उभा आहे."

सासूबाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही अडाणी माणसं, बाई. आम्हाला जे सांगितलं ते आम्ही धरलं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगणाराही अर्धवट शिकलेला होता, आजी. रक्तगटावरून कुणाचा न्याय करायला बसू नये."

त्या बाईला रक्त कोणाचे मिळाले, ते ऐका. तिच्या आईवडिलांचे लग्न नात्यातले. आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाँबे गट व्हायला बिघडलेली कृती आई आणि बाप दोघांकडूनही यावी लागते. दोघेही तशी एकेक कृती बाळगून असतील, तर प्रत्येक अपत्यात चारांत एक शक्यता असते. आम्ही तिच्या भावंडांना बोलावले. तीन भावांपैकी धाकटा याच गटाचा निघाला. त्याचे रक्त तिला चढले. आमच्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. ती चाल चांगली की वाईट हे सांगण्यासाठी मी उभी नाही. पण आजीआजोबा एक असले, की तीच बिघडलेली कृती दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो, हे मात्र सांगितले पाहिजे.

ही झाली दोन टोके. एकीकडे पहारेकरीच नाहीत, दुसरीकडे एक पहारेकरी असा, की जो बहुतेक साऱ्या जगाच्या रक्ताला परके म्हणतो. आपण बहुतेकजणी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. आता या मधल्या माणसांचे, म्हणजे तुमचे आमचे, काय?

हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ जुळ्या मुलांकडे वळले. एकसारखी दिसणारी जुळी एकाच बीजाची असतात. त्यांची सारी जनुके एक. वेगळी दिसणारी जुळी इतर भावंडांसारखीच. त्यांची सरासरीने निम्मी जनुके सारखी. घर, आई, दूध, हवा मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच. तेव्हा एकसारखी जुळी लसीला अधिक सारखा प्रतिसाद देऊ लागली, तर ते काम वारशाचे समजावे. आफ्रिकेतील गांबिया देशात असा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तेथील तान्ह्या जुळ्यांत ब जातीच्या काविळीच्या लसीने जी प्रतिपिंडे तयार झाली, त्यांच्या प्रमाणातील फरकाचा सुमारे पाऊण हिस्सा वारशाचा दिसला. धनुर्वाताच्या लसीत तो निम्म्याहून कमी होता. पुढे २०१७ साली आइसलंड आणि स्वीडन येथील हजारो लोकांच्या रक्ताच्या अभ्यासातून, आयजीए, आयजीजी आणि आयजीएम यांचे प्रमाण कमीजास्त करणारी चाळिसाच्या आसपास ठिकाणे जनुकांत सापडली. प्रत्येकाचा प्रभाव थोडा थोडा. एखाद्या मोठ्या कुटुंबात प्रत्येकाने आमटीत चिमूट चिमूट मीठ टाकावे, तसा हा प्रकार.

'पाऊण हिस्सा वारशाचा' याचा अर्थ नीट घ्या. माझी पाऊण प्रतिपिंडे आईबापांनी दिली आणि पाव मी मिळवली, असा तो नव्हे. त्या मुलांत जो परस्परांमध्ये फरक होता, त्या फरकाचा पाऊण भाग जनुकांमुळे होता, एवढेच. लसच टोचली नाही, तर उत्तम जनुकेही त्या जंतूविरुद्ध आगाऊ प्रतिपिंडे तयार ठेवू शकत नाहीत. वारशात जमीन मिळते. पेरणी आपल्यालाच करावी लागते.

ब काविळीच्या लसीचेच आणखी एक उदाहरण देते, कारण आपल्या मंडळात परिचारिका भगिनी आहेत. तीन मात्रा पुऱ्या घेऊनही शंभर निरोगी प्रौढांपैकी पाच ते दहांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे होत नाहीत. वय, लठ्ठपणा, धूम्रपान ही कारणे आहेत, पण सहाव्या गुणसूत्रावरील काही पाठभेदही आहेत. ज्या पेशी पहारेकऱ्यांना शत्रूचा नमुना दाखवतात, त्यांची ताटे या जनुकांनी घडवलेली असतात. काहींच्या ताटात या लसीचा नमुना नीट बसत नाही. अशांनी निराश होऊ नये. पुन्हा एकदा पुऱ्या मात्रा घेतल्यावर त्यांतील बहुतेकांत प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून रुग्णांच्या रक्ताशी ज्यांचा रोज संबंध येतो, त्यांनी शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे. लस घेतली म्हणून निर्धास्त राहू नये.

आता आपल्या जातीविषयी, म्हणजे स्त्रीजातीविषयी. स्त्रियांच्या रक्तात आयजीएम सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक असते आणि अनेक लसींना स्त्रियांचे शरीर अधिक जोमाने उत्तर देते. याची कारणे संप्रेरकांत आहेत, तशी दोन एक्स गुणसूत्रांतही आहेत. दोहोंपैकी एक एक्स पेशीत मिटलेला असतो, पण तो पुरता मिटत नाही आणि त्यावरील पहाऱ्याची काही जनुके चालूच राहतात. पण देणगीबरोबर खर्चही येतो. पहारेकरी फार तत्पर असले, की कधी घरच्याच माणसाला चोर समजून धरतात. ल्युपस नावाच्या आजारात हेच होते आणि त्याच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. तेव्हा प्रतिपिंडे जितकी जास्त तितके बरे, असे मुळीच नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशी जाहिरात असलेली बाटली घेण्यापूर्वी हे आठवा. कोणती शक्ती, कोणाविरुद्ध आणि किती, हे त्या बाटलीवर लिहिलेले नसते.

शेवटी आर्‌एच गटाविषयी सांगितल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. आपल्याकडे शंभरांत साधारण पाच माणसे आर्‌एच निगेटिव्ह असतात. अशा आईच्या पोटी पॉझिटिव्ह बाळ आले, तर बाळंतपणात बाळाच्या रक्ताचे काही थेंब आईच्या रक्तात शिरतात आणि आईचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे करते. पहिले मूल बहुधा सुखरूप असते. पुढच्या खेपेला ती प्रतिपिंडे वारेतून जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. मी लहान असताना कित्येक घरांत 'पहिले जगले, पुढची गेली' असे ऐकू येई. त्यांतील काही तरी याच कारणाने गेली असतील. १९६८ सालापासून यावर इंजेक्शन मिळते. सातव्या महिन्यात, म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत एक. गर्भपात झाला तरीही वैद्यकीय सल्ल्याने ते घ्यावे लागते, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते.

हे इंजेक्शन प्रयोगशाळेतील चूर्णाचे नव्हे; ते बहुतांशी माणसांच्या रक्तद्रवातून येते. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी त्यांच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना पुष्कळ रक्त चढवावे लागले. त्याची फेड म्हणून ते १९५४ सालापासून रक्त देऊ लागले. पुढे कळले, की त्यांच्या रक्तात ही आर्‌एच विरोधी प्रतिपिंडे विलक्षण विपुल आणि टिकाऊ आहेत. निगेटिव्ह असलेल्या प्रत्येकाचे शरीर अशी प्रतिपिंडे करतेच असे नाही. कित्येकांचे मुळीच करत नाही. हॅरिसन यांनी २०१८ सालापर्यंत, एक्क्याऐंशी वर्षांचे होईतो, ११७३ वेळा दान केले. चोवीस लाखांवर बाळांना त्याचा उपयोग झाला, असा तेथील रक्तसंस्थेचा हिशेब आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. आपल्या रक्तात काय वारसा आहे, हे त्यांना तरी आधी कोठे ठाऊक होते? त्यांनी हात पुढे केला, म्हणून ते कळले.

भगिनींनो, आता आवरते घेते. घरी गेल्यावर एवढे करा. आपला, मुलीचा आणि सुनेचा रक्तगट आर्‌एचसह नीट तपासून लिहून ठेवा. तपासताना पेशी आणि रक्तद्रव अशी दोन्ही बाजूंची तपासणी झाली का, हे विचारा. रक्तपेढीतून 'ओ आहे पण ओ जुळत नाही' असे कोणी सांगितले, तर बाँबे गटाची शंका बोलून दाखवा. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली सुरू झालेली आणि आता मोठी राष्ट्रीय संस्था झालेली रक्तगटांची प्रयोगशाळा आहे. अशा अवघड नमुन्यांचा उलगडा तेथे होतो. मूल वर्षभरात पुन्हा पुन्हा न्यूमोनियाने किंवा कान वाहून आजारी पडत असेल आणि माहेरच्या बाजूस मुलगे तान्हेपणी गेलेले असतील, तर ही माहिती लपवू नका, डॉक्टरांना सांगा. लसींच्या मात्रा अर्ध्यावर सोडू नका. आणि ज्यांना वयाने व प्रकृतीने शक्य आहे त्यांनी रक्तदान करा. दुर्मिळ गट असलेल्यांनी आपले नाव रक्तपेढीत नोंदवून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रक्तातील दोषाचे खापर कोणत्याही बाईच्या माथी फोडू नका, फोडू देऊ नका. जी कृती आपल्या हाती आली, ती आपण लिहिलेली नाही. दोन भावंडांतील जे सारखे आजारी पडते, त्याला 'नाजूक' म्हणून हिणवू नका आणि जे ठणठणीत आहे त्याचे श्रेय आपल्या काढ्याला देऊ नका. दोघांनाही सारखे जेवू घाला, दोघांनाही वेळेवर लस द्या.

  बाहेर फराळाची तयारी झाल्याचे मघाच कळले आहे. तुम्हाला आणखी ताटकळत ठेवीत नाही.